किटली आणि झारी

३ फेब्रुवारी

वाचनालयाचे सचिव म्हणतात, लिहायचं असेल तर रोज थोडं लिहा, हात वळतो. म्हणून ही वही. इतकी वर्षं दुसऱ्यांचं छापत आले, त्यांच्या चुका काढून त्यांचीच बोलणी खाल्ली. आता स्वतः लिहायची पाळी आली.

झालं असं, की आपला मतदारसंघ मोडीत निघाला. नव्या आखणीत त्याचे तुकडे करून शेजारच्यांना वाटून टाकले. पुढच्या निवडणुकीला हे नावच नसणार. म्हणून वाचनालयाच्या मंडळींना हुक्की आली, की पहिल्या निवडणुकीपासून शेवटच्या निवडणुकीपर्यंतचा इतिहास एका पुस्तिकेत आणायचा. दोन प्राध्यापकांना विचारलं, दोघांनीही हात वर केले. मग सचिव माझ्याकडे आले. "नाही तरी छापणार तुम्हीच, तर लिहून पण टाका की." जणू लिहिणं म्हणजे पुस्तकाला शेवटी खळ लावण्यासारखं काम! मी हो म्हटलं. का म्हटलं देव जाणे.

बाबांना सांगितलं. मला वाटलं खूश होतील. ते प्रूफ वाचत होते. निवृत्त झाल्यापासून माझ्या छापखान्याची सगळी प्रुफं तेच वाचतात, लाल पेन घेऊन. चौऱ्याऐंशी वय झालं, पण नजरेतून एक वेलांटी सुटेल तर शपथ. मान वर न करताच म्हणाले, "सगळ्याच निवडणुका घेणार?"

"सगळ्याच. तुमचीसुद्धा."

"माझं काय आहे त्यात," म्हणाले आणि पुढच्या ओळीवर गेले. विनय तरी किती असावा माणसाला!

७ फेब्रुवारी

बाबा एकदा विधानसभेला उभे होते. अपक्ष, निशाणी किटली. मी तेव्हा इतकी लहान होते, की मला फक्त घरात आलेली कागदी किटल्यांची चळत आठवते. मी त्यांची माळ केली होती आणि आईने ती दारावर लावली होती. बाबा पडले. पण तिसरे आले, आणि असे तसे नाही, मतांचा ढीग घेऊन तिसरे आले. साध्या कारकुनाला इतक्या लोकांनी मत द्यायचं म्हणजे काय चेष्टा आहे? तेव्हापासून बाजारात त्यांना सगळे 'आमदार' म्हणतात. "काय आमदार, आज भाजी स्वतः न्यायला?" बाबा मान खाली घालून चालू लागतात. आई असेपर्यंत हे ऐकलं की तिचा चेहरा असा काही फुलायचा! मरेपर्यंत ती पाहुण्यांना सांगायची, "पक्ष नाही, गाडी नाही, पण लोकांनी ओळखलं यांना."

माझ्या पुस्तिकेत ते नीट यावं, एवढंच मला खरं तर हवंय. हो म्हटलं त्याचं कारण हेच असणार. बाकीच्या निवडणुका मेल्या कुणी का जिंकेनात.

१० फेब्रुवारी

पहिली तीन प्रकरणं झाली. निवडणुकीची भाषा मोठी मजेची आहे. माणूस आधी उभा राहतो. कुणी समजूत घातली तर बसतो. नाही बसला तर एक तर येतो, नाही तर पडतो. सगळी अंगमेहनतच. सचिवांना म्हटलं, एवढं उठून-बसून त्यातल्या एकाचंही पोट कसं कमी होत नाही? ते हसले नाहीत. त्यांचं स्वतःचं पोट मोठं आहे हे मागाहून लक्षात आलं.

१४ फेब्रुवारी

आज बाबांच्या निवडणुकीला हात घातला आणि तिथेच घोडं अडलं.

त्या वर्षी साहेब निवडून आले. साहेब म्हणजे ज्यांच्या संस्थेच्या शाळेत बाबा तेव्हा हंगामी कारकून होते. साहेब अगदी काठावर आले. दुसरे डॉक्टर, नदीकाठच्या दवाखान्याचे. तिसरे बाबा. डॉक्टर अपक्षच होते, निशाणी झारी. नदीवर पूल आणि पलीकडे रुग्णालय, एवढ्याच गोष्टींसाठी ते उभे राहिले होते म्हणतात. पूल पुढे झाला, आम्ही मोठे झाल्यावर. रुग्णालय अजून व्हायचंय.

गंमत म्हणजे डॉक्टरांचं आणि बाबांचं नाव एक, आडनाव एक. मधलं वडिलांचं नाव तेवढं वेगळं. मी नुकती अक्षरं जुळवून वाचायला लागले होते तेव्हा दवाखान्याची पाटी वाचून ओरडले होते, "बाबा, हा तुमचा दवाखाना?" बाबांनी माझा हात असा ओढला, की खांदा दुखला. एका गावात एका नावाची दोन मोठी माणसं, असं एक वाक्य मी लिहून टाकलंय. बरं वाटतं वाचायला.

अडलं ते पुढे. बाबांची बहुतेक मतं नदीपलीकडच्या गावांतली आहेत. पण बाबा तोवर नदीपलीकडे कधी गेलेलेच नव्हते. पूल नव्हता, आणि नावेत बसलं की त्यांना भोवळ येते.

विचारलं, "बाबा, पलीकडे तुम्हाला कोण ओळखत होतं?"

"कोणी नाही."

"मग मतं कशी पडली?"

"पडली," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. बराच वेळ पुसत होते. वयाप्रमाणे आता त्यांना जुनं आठवेनासं झालंय. मी लिहिलं, 'न पाहिलेल्या गावांनीही त्यांच्यावर विश्वास टाकला.' डोळ्यांत पाणी आलं माझ्या. वेडीच आहे मी.

१५ फेब्रुवारी

धाकट्या भावाचा फोन. बाबांचा फोटो पानभर हवा म्हणतो. फोटोतला सदरा कुठला असावा तेसुद्धा त्याने ठरवलंय. इथे येऊन बाबांच्या गोळ्या बघायला मात्र याला सवड नाही. मी म्हटलं, पुस्तिकाच पाठवते तुझ्याकडे, तूच छाप. मग सदऱ्याचं बोलणं सोडलं.

१७ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे गेले होते. अजून सकाळी दवाखान्यात बसतात. बाहेरच्या टेबलावर त्यांच्या पत्नी, काकू, पेशंटची नावं घेतात. मी माझं नाव सांगितलं तशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि न बोलता आत पाठवलं. बाई जरा तुसडीच वाटली.

डॉक्टर मात्र गोड माणूस. निवडणुकीचं विचारलं तर हसत म्हणाले, "पडलो, बरं झालं. आलो असतो तर इतक्या लोकांची पोटं कुणी तपासली असती?" मग निघताना म्हणाले, "माझं नाव छापताना तेवढी काळजी घ्या हं. एकदा घोटाळा झालेला आहे."

मी म्हटलं, "आमच्याकडे प्रूफ बाबा वाचतात. घोटाळा व्हायचा नाही."

त्यावर ते इतके हसले, की त्यांना ठसका लागला. माझ्या बोलण्यात एवढं हसण्यासारखं काय होतं कोण जाणे. काकू पाणी घेऊन आल्या, पण त्या हसत नव्हत्या.

घरी येऊन बाबांना म्हटलं, डॉक्टर तुमची चौकशी करत होते. बाबांनी विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "खोकला आहे का अजून, विचारलं." आणि मग माझ्याच लक्षात आलं, की बाबांना खोकला आहे हे डॉक्टरांना कळायचं कारण नाही. बाबा त्यांच्याकडे कधीच जात नाहीत. बाजारात रोज कुठून तरी पाहत असतील बिचारे.

२० फेब्रुवारी

जुन्या मालकांनी छापखाना माझ्या हवाली केला तेव्हा छपाईच्या ठोकळ्यांचे खणही दिले होते. त्यांत जुन्या निवडणुकांच्या निशाण्या आहेत. म्हटलं, प्रत्येक प्रकरणाला खरी निशाणी छापू, जुन्या शिशाची शोभा येईल. किटली सापडली, झारीही सापडली. शाई लावून दोन्ही एका कागदावर उमटवल्या.

आणि कपाळाला हात लावला. कुठली किटली आणि कुठली झारी, ओळखून दाखवा म्हणावं! दोघींना पोट, दोघींना दांडा, दोघींना पुढे आलेली चोच. एवढ्याशा आकारात शाई भरली की बहिणी-बहिणी. असले ठोकळे कुणी मंजूर केले असतील? मी असते तर परत पाठवले असते.

बाबांपुढे कागद धरला. "ओळखा, यातली तुमची कुठली?"

त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. "तेव्हाही कुणाला ओळखू आली नव्हती," म्हणाले.

मी हसले. ते नाही हसले. नंतर जेवलेही नाहीत नीट. पोट जड आहे म्हणाले.

२२ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहायला हात चालत नाही, तरी लिहिते.

डॉक्टरांचा फोटो आणायला गेले. डॉक्टर विश्रांती घेत होते. काकूंनी फोटो दिला आणि मी आपली बडबड सुरू केली. माझ्या जिभेला हाड नाहीच. म्हटलं, दोघे एकाच नावाचे, एकाच वर्षी उभे राहिले, किती मोठा योगायोग.

काकू म्हणाल्या, "उभा राहिला? तुझा बाप उभा राहिला नव्हता. त्याला उभा केला होता."

मला आधी कळेचना. मी म्हटलं, "म्हणजे लोकांनी आग्रह करून?"

"साहेबांनी. आमच्या यांची मतं खायला. नाव तेच, चित्र तसंच. पलीकडच्या म्हाताऱ्या बायका दवाखान्यात येऊन मला सांगत होत्या, डॉक्टरांच्याच नावावर शिक्का मारला हो, चहाच्या किटलीवर! काय सांगायचं त्यांना?" मग म्हणाल्या, "तू लहान होतीस. तुझ्यावर राग नाही माझा. पण पोरी, तुझ्या पुस्तकात योगायोग लिहू नकोस."

फोटो तिथेच विसरून आले.

२३ फेब्रुवारी

खोटं आहे. पडलेल्या माणसाच्या घरी कुणावर तरी खापर फोडायचंच असतं. आणि एवढं होतं तर डॉक्टर काही बोलले नसते का? हसून खेळून बोलले माझ्याशी.

२४ फेब्रुवारी

पण मग नदीपलीकडची मतं?

आणि बाबा शाळेत कायम झाले ते त्याच वर्षी. मी हे प्रकरणात अभिमानाने घातलं होतं, 'निवडणूक हरूनही त्यांनी नोकरी निष्ठेने केली.' आज वाचलं आणि ते पान उलटं करून ठेवलं.

लहानपणी मला ताप आला की बाबा खांद्यावर टाकून पार स्टेशनजवळच्या डॉक्टरकडे न्यायचे. नदीकाठचा दवाखाना आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आई कुरकुरायची, बाबा म्हणायचे, तिथलं औषध चांगलं. मला वाटायचं, बाबांना माझी किती काळजी. काळजी तर होतीच ना? का तेही आता उलटं धरायचं?

बाबांना माहीत होतं का? साहेबांच्या माणसाने येऊन सांगितलं असेल, तुमच्यासारखी सज्जन माणसं हवीत. आणि बाबांना ते खरं वाटलं असेल. त्यांना कुणी काहीही सांगितलं तर खरं वाटतं. मग फसवलं कुणाला, डॉक्टरांना की बाबांना? दोघांना? आणि तसं असेल तर बाबांना आता, या वयात, कोण सांगणार, की तुम्हाला पडलेलं एकही मत तुमचं नव्हतं? मी तर नाही. जीभ झडली तरी नाही.

मशीनवरच्या पोरावर विनाकारण ओरडले.

२६ फेब्रुवारी

ठरवलं. काकूंना काय वाटायचं ते वाटो. अभिमानाची सगळी वाक्यं काढून टाकली, योगायोगाचंही काढलं. एवढंच ठेवलं, 'या निवडणुकीत त्याच नावाचे दुसरे एक गृहस्थ किटली या निशाणीवर अपक्ष म्हणून उभे राहिले.' यात खोटं काय आहे? काही नाही. खरं काय आहे, ते मला विचारू नका.

सगळ्या पुस्तिकेचं प्रूफ काढून नेहमीसारखं बाबांच्या टेबलावर ठेवलं. दुसऱ्या कुणाला वाचायला दिलं असतं तर बाबांनी विचारलं असतं, मला का नाही दिलं. काही सुचेना.

१ मार्च

बाबांनी बाकीची पानं परत दिली. नेहमीसारखी स्वच्छ, कडेला लाल खुणा. ते एक पान मात्र ठेवून घेतलंय. विचारलं तर म्हणतात, वाचतोय. एवढ्या एका पानाला इतके दिवस? मी आत गेले की पानावर हात ठेवतात, शाळेत उत्तर झाकणाऱ्या मुलासारखा.

त्यांना दुखलंय. अभिमानाची वाक्यं काढली, ती त्यांना आवडली असतील. पहिला मजकूर त्यांनी कधी वाचला होता का? आठवत नाही. परत घालू का?

३ मार्च

पान मिळालं. माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि समोरच्या खुर्चीत बसून राहिले.

सगळ्या पानावर एकच दुरुस्ती. 'उभे राहिले' मधलं 'राहिले' खोडलंय आणि कडेला, एकेक अक्षर सुटं सुटं ठेवून लिहिलंय, 'केले गेले'.

मला वाटलं, व्याकरणाची चूक काढली. खरंच वाटलं. मी म्हटलं, "बाबा, 'राहिले' बरोबर आहे की."

"शुद्ध आहे," ते म्हणाले, "बरोबर नाही."

मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"मोजणीच्या दिवशी. आधी मी खुळा होतो गं. साहेबांचा माणूस आला, फॉर्म त्यांनीच भरला, मला वाटलं माझ्यात काहीतरी दिसलं असेल त्यांना. मोजणीला बसलो. पलीकडच्या पेट्या फोडल्या आणि किटलीचे गठ्ठ्यांवर गठ्ठे निघायला लागले. मला काय आनंद झाला! वर पाहिलं, तर डॉक्टर माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. रोग्याकडे बघतात ना, तसं. तेव्हा कळलं."

"मग सांगितलं का नाही कधी? नोकरी तरी..."

"नोकरी घेतली. आता ते काय लपवायचं. घरी येऊन तुझ्या आईला सांगणारच होतो. तर ती दारात उभी. तुझी ती कागदाची माळ गळ्यात घातली माझ्या आणि रडायलाच लागली आनंदाने. म्हणाली, मला नव्हतं माहीत तुम्ही एवढे मोठे आहात. मला सांगवेना गं. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत ती गेलीसुद्धा."

मला त्यांचा राग आला, खोटं का लिहू? आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडावंसंही वाटलं. दोन्हींपैकी काहीच केलं नाही. चहा करायला उठले, तर चहाची किटलीच हातात घ्यावीशी वाटेना. पातेल्यात केला.

४ मार्च

सचिवांना फोन करून दुरुस्ती सांगितली. म्हणाले, "'उभे केले गेले' म्हटल्यावर लोक विचारतील, कोणी केले?"

म्हटलं, "विचारू देत. ठाऊक नाही असा एक तरी दाखवा."

"पण तुमच्या वडिलांचं नाव..."

"दुरुस्ती वडिलांचीच आहे."

मग म्हणाले, बरं.

भावाला कसं सांगायचं अजून ठरलेलं नाही. तो पानभर फोटोची वाट बघतोय.

५ मार्च

सकाळी बाबा धुतलेला सदरा घालून तयार. म्हणाले, "खोकला दाखवून येऊ."

मी रिक्षा बोलवायला निघाले, स्टेशनजवळ जायचं म्हणून. ते म्हणाले, "रिक्षा कशाला? इथलं इथे तर आहे." आणि काठी घेऊन नदीच्या बाजूला वळलेसुद्धा. मी मागोमाग धावले. त्या प्रुफाच्या पानाची घडी त्यांच्या वरच्या खिशातून डोकावत होती.

दवाखान्यात चार-दोन माणसं होती. टेबलाशी काकू. त्यांनी बाबांना पाहिलं, मला पाहिलं, पेन उघडलं आणि कोरड्या आवाजात विचारलं, "नाव?"

बाबांनी नाव सांगितलं. बाकावरची माणसं गोंधळून पाटीकडे बघायला लागली.

"पूर्ण नाव सांगा," काकू म्हणाल्या. "इथे घोटाळा चालत नाही."

मला बाईचा संताप आला. पण बाबांनी काठी भिंतीला टेकवली, सरळ उभे राहिले आणि स्वतःचं, वडिलांचं, आडनावासकट पूर्ण नाव मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. वडिलांचं नाव दोनदा सांगितलं. काकू लिहीत होत्या, पण पेन मध्येच थांबलं. मग त्यांनी आपली खुर्ची बाबांच्या दिशेने सरकवली. "बसा. वेळ लागेल."

आतून डॉक्टरांचा आवाज आला, "किटली आली का? पाठव आत."

मी बरोबर निघाले, तर बाबांनी हातानेच थांबवलं. दार लावून घेतलं. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. आधी काहीच ऐकू येत नव्हतं. मग खोकला. मग कुणीतरी हसलं, आणि ते दोघांपैकी कोण, ते मला ओळखू आलं नाही. बाकावर माझ्या शेजारी काकू येऊन बसल्या. म्हणाल्या, "फोटो विसरली होतीस," आणि माझ्या मांडीवर ठेवला.

बाबा बाहेर आले तेव्हा हातात औषधाची चिठ्ठी होती. खिशातलं पान नव्हतं.

परत येताना कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयवाल्याने नेहमीसारखी हाक मारली, "काय आमदार, आज इकडे कुठे?"

बाबा मान खाली घालून चालू लागतील म्हणून मीही पाऊल उचललं. ते थांबले. वळले. काठीने मागे, दवाखान्याच्या दाराकडे दाखवलं.

"आमदार तिकडे बसतात," म्हणाले. "मी त्यांचा पेशंट."